पेटाऱ्यातले सभासद

चतुराबाईला राग आला की आधी तिचा आवाज खाली जातो. बाकीच्या बायकांचा वर जातो, आमच्या आईचा तर पत्र्याला लागतो. चतुराबाईचा मात्र आडात पोहरा सोडावा तसा खाली खाली जातो, आणि तळाला पोचला की समजावं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. मला गावातले सगळे आवाज काढता येतात. मुकादमाचा येतो, एसटीच्या कंडक्टरचा येतो, अर्जुनराव चेअरमनचं खाकरणं मी झोपेतसुद्धा काढीन. चतुराबाईचा हा एक आवाज तेवढा येत नाही. त्याला राग खरा लागतो.

तो राग कुठून आला ते सांगते.

चतुराबाई आणि तिचा नवरा आश्रुबा, हे आमच्या गावातलं कळसूत्री बाहुल्यांचं घर. गाव म्हणजे बीडहून येताना पाली सोडून मांजरसुंब्याच्या घाटाकडे निघालं की डाव्या हाताला, सडकेवरून दिसतंही नाही. एका लाकडी पेटाऱ्यात आठ बाहुल्या. राम, लक्ष्मण, सीता, जनक, मारुती, रावण, मंदोदरी, शूर्पणखा. पायांच्या जागी घोळदार घागरे, डोक्याला आणि हातांना दोरे, ते दोरे वरून बोटांत. दोन बाजा उभ्या करायच्या, मागं काळं घोंगडं टांगायचं, झाला खेळ सुरू.

पण त्या घरात बाहुली म्हणत नाहीत, माणूस म्हणतात. "पेटाऱ्यात आठ माणसं हायेत" असं आश्रुबा कुणालाही सांगतो, आणि ऐकणाऱ्याला हसू आलं तर त्याला ते समजतच नाही. सणाच्या दिवशी पहिलं ताट पेटाऱ्यापुढं. पेटारा उघडायच्या आधी त्यावर दोनदा बोटं वाजवायची, कारण आत बाया आहेत. आणि निजवताना रावण आणि सीता यांच्या मध्ये जनकाला निजवायचं. बाप मध्ये असला म्हणजे काळजी नाही.

चतुराबाई या घरात आली तेव्हा बारा वर्षांची होती. तेव्हा सासरा खेळ करायचा आणि सीतेचं सोंगही तोच बोलायचा. चतुराबाई त्याची सीता अजून काढून दाखवते. सर्दी झालेली शेळी. "आर्यपुत्राऽऽऽ" म्हणून असा काही बेंऽ काढायचा की पुढची लेकरं शेळी शोधायला उठायची. बायकांनी घोंगड्यामागं यायचं नाही, हा त्या घरचा नेम. ती मागं चुलीपाशी बसून भाकरी थापायची आणि दात खायची.

एकदा एका जत्रेत सासऱ्याला ऐन अशोकवनात ठसका लागला. सीता तोंड उघडून लटकलेली, आवाज नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले. चतुराबाईनं पिठाच्या हातानंच चुलीपासून पुढचा विलाप उचलला. जत्रा चिडीचूप झाली. सासरा तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी ताटावर बसताना नुसतं म्हणाला, "उद्यापास्नं सीता तुजी." मग मंदोदरी तिची झाली, शूर्पणखा तिची झाली. सासरा गेल्यावर दोरे आश्रुबाच्या बोटांत आले. पण ती बोलायची ते घोंगड्याच्या आड, पदर तोंडावर घेऊन. म्हणून बाहेर सगळे म्हणायचे, आश्रुबाचा खेळ. "आश्रुबाची सीता काय रडती!" असं लोक तिच्यासमोर म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि भाकरी उलटायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जत्रा बंद पडल्या. बिंदुसरेच्या धरणात गाळाला भेगा पडल्या आणि सगळं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला गेलं. आश्रुबाही गेला. आठव्या दिवशी हातोडा खडीवर न बसता त्याच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं चेंदली. बरी झाली, पण वाकेनात. कळसूत्रीवाल्याची बोटं गेली म्हणजे काय राहिलं?

चतुराबाई राहिली. तिनं पंधरा दिवस घरात दार लावून दोरे बोटांत घातले. तीस वर्षं बघत आलेली होती ती. सोळाव्या दिवशी, कामावर दुपारची भाकरी खायला सुट्टी झाली तेव्हा तिनं मुकादमाच्या तंबूशेजारी दोन बाजा उभ्या केल्या आणि आठही माणसं एकटीनं नाचवली. आश्रुबा पुढं बसून झांज वाजवत होता. लोक कामावर मिळणारी सुकडी खायची विसरले. रावण तर असा बोलला की मुकादम तंबूतून बाहेर आला, त्याला वाटलं साहेब आले.

हे अर्जुनरावांच्या कानावर गेलं.

अर्जुनराव म्हणजे कारखान्याचे डायरेक्टर, सोसायटीचे चेअरमन, आणखी कशाकशाचे कोण. त्यांच्या विहिरीला दुष्काळातही पाणी होतं, यावरून ओळखा. ते प्रत्येक वाक्याआधी "खंऽ" करून खाकरतात, जणू घशात बैल बसलाय आणि तो उठत नाही. वाक्याच्या शेवटी "बरुबर हाय का न्हाई" लावतात, आणि उत्तर द्यायला कुणाला जागा ठेवत नाहीत.

त्या साली सरकार दुष्काळी कामांवर प्रचाराचे खेळ करवून घेत होतं. भारूडवाले, पोवाडेवाले, कुणीही चालेल, पण संस्था नोंदलेली पाहिजे. अर्जुनरावांनी आश्रुबाला खताच्या गोदामात बोलावलं. तेच त्यांचं हापीस. तिथं त्यांचा सचिव उत्तरेश्वर वही उघडून बसला होता. उत्तरेश्वर सगळं नाकातून बोलतो आणि वर बघत नाही. पुढचं सगळं त्यानंच नंतर चावडीवर हसत हसत सांगितलं, म्हणून मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"खंऽ. कळसूत्री कलाकार सहकारी संस्था मर्यादित. अकरा नावं लागतेत. मी एक, ह्यो उत्तरेश्वर एक, तू एक. आठ नावं कुणाची बी घाल. बरुबर हाय का न्हाई?"

आश्रुबाला ते "कुणाची बी" लागलं. कळसूत्रीच्या संस्थेत कुणाचीही नावं?

"कुणाची बी कावून, मालक? आमच्यात हायेत की आठ."

आणि त्यानं सांगितली. बापाच्या नावासकट, अभिमानानं. रामराव पिता दशरथ. लक्ष्मण पिता दशरथ. सीताबाई भ्रतार रामराव. उत्तरेश्वरची लेखणी तिथं थांबली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वर बघितलं. अर्जुनरावही बघत राहिले आणि मग पोट हलेपर्यंत हसले.

"लिही बे उत्तऱ्या. लिही. असले सभासद कुडं मिळतेत? सभेत उठून परश्न तर इचारनार न्हाईत! रावण तेवढं नगं लिहू, रावबा लिही."

तर रावबा पिता विश्रवा, मंदोदरी भ्रतार रावबा, मारुती पिता केसरी, असे आठ सभासद वहीत बसले. अंगठे पाहिजेत म्हटल्यावर आश्रुबा घरून पेटारा घेऊन आला आणि एकेकाचा लाकडी अंगठा शिक्क्याच्या शाईत बुडवून त्यानं वहीवर टेकवला. रामाचा आधी, सीतेचा मग, रीतीप्रमाणं.

उत्तरेश्वरनं जाता जाता विचारलं, "आन् वैनीचं नाव? खेळ तर ती करती."

आश्रुबा लाजला. आमच्याकडे बाप्ये बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात एकदा घेतात, तेही चार जणांनी कोंडलं तर.

"ती हायेच की घरात," तो म्हणाला.

घरी आल्यावर चतुराबाईनं सीतेचा अंगठा निळा बघितला. चिंचेनं घासला, निघाला नाही. "ह्ये काय?" म्हणाली. "कागद झाला," आश्रुबा म्हणाला. "आता सरकारी खेळ हायेत आपल्याला." तिनं पुढं विचारलं नाही. खेळ मिळाले, एवढं तिला पुरेसं होतं.

सरकारी खेळ म्हणजे काय, ते पहिल्या दिवशी समजलं. प्रचाराचा एक साहेब एक कागद घेऊन आला. पुणेरी, बारीक, तोंडात सुपारी असल्यासारखा बोलणारा. "हे पहा बाई, आपल्याला कुटुंब नियोजनाचा संदेश द्यायचा आहे. प्रभू रामचंद्रांना मुलं किती? दोन. लव आणि कुश. तर सीतामाईनं म्हणायचं, मायबहिणींनो, आम्हीसुद्धा दोनांवर थांबलो. कसं?"

"आन् दशरथाच्या तीन बाया, चार लेकरं?" चतुराबाईनं विचारलं.

"दशरथ नको."

पाली रोडच्या कामावर दुपारी खेळ लागला. साहेब खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर अर्जुनराव, आणि समोर खडीच्या पाट्या उपड्या टाकून त्यांवर बसलेल्या तीनशे बाया. सीता आली, वाकली आणि म्हणाली, "मायबहिणींनो, आमाला दोनच लेकरं." साहेबानं मान हलवली. सीता थोडी थांबली. दोरा असा काही हलला की तिनं मान वळवून रामाकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्यांनी लई चांगलं नियोजन केलं, बायांनो. मी पोटुशी व्हते, आन् मला रानात नेऊन सोडलं. तिसरं हुनार कुटून?"

तीनशे बाया. आधी कुणालाच समजलं नाही, मग एकीला समजलं, मग तो हशा पाट्यांवरून असा गेला की सडकेवरच्या बैलगाड्या थांबल्या. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण मग रावण आला आणि बोलायच्या आधी खाकरला. "खंऽ. सीते, तू माझ्या वाड्यात हाईस. खाऊन पिऊन ऱ्हा. बरुबर हाय का न्हाई?"

खुर्चीवरचे अर्जुनराव सोडून सगळी सडक हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर दोन गडी घेऊन आला आणि पेटारा उचलून गोदामात घेऊन गेला. संस्थेची मालमत्ता, संस्थेच्या हापिसात राहील. चतुराबाई मागोमाग गेली. गोदामाला हे एवढं कुलूप.

"मालमत्ता?" ती म्हणाली. "माणसं हायेत ती."

"वैनी, मला कावून बोलता?" उत्तरेश्वर नाकातून म्हणाला. "सोमवारी वार्षिक सभा हाय. ठराव हाय की बाहुल्या कारखान्याच्या विश्रामगृहाला भेट द्यायच्या. काचेच्या कपाटात ठेवनार हायेत. पाव्हणे बघतील."

"कपाटात? दोरे कोन वढनार तिथं?"

"दोरे काढून ठेवनार."

"मग सोमवारी म्या येते सभेला. बोलते."

"तुमाला बोलता येत न्हाई. तुमी सभासद न्हाईत." आणि तो थोडा हसला. त्यालाही राहवलं नसेल. "सीताबाई हायेत. मंदोदरीबाई हायेत. तुमी न्हाईत."

तिथं तिला सगळं समजलं, निळा अंगठा, कागद, सगळं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घराबाहेर आम्ही सगळी गल्ली उभी होतो, आणि आत काय चाललंय ते ऐकायला कुणाला कान लावायची गरज नव्हती. आधी तिचा आवाज वर होता.

"शूर्पणखेचं नाव सांगितलं! नाक कापलेलीचं! आन् मपलं कावून न्हाई?"

"आगं, तुजं नाव कसं घ्यावं म्या? चार मान्सांत?"

"तिचं कसं घेतलं? सीता तुमची कोन हाय? तिला बोलती कुनी केली? तुमच्या बापानं? शेळी करून ठेवली व्हती त्यानं तिची!"

"बापावर जाऊ नगं."

"मी कुनावर जाऊ? सांगा! कागदावर तर मी हायेच न्हाई!"

आणि मग आवाज खाली गेला. काही ऐकूच येईना. थोड्या वेळानं आश्रुबा बाहेर आला, उंबऱ्यावर बसला आणि आपली दोन न वाकणारी बोटं दुसऱ्या हातानं दाबत राहिला. मला त्याचीही कीव आली. पण थोडीच.

शनिवारी बौद्धवाड्यातले कारभारी बीडहून गावी आले. कारभारी हे त्यांचं नावच. ते जिल्हा परिषदेत कारकून आहेत आणि छापील बोलतात, घरीसुद्धा. त्यांची आई आणि चतुराबाई खडीवर शेजारी शेजारी बसतात. चतुराबाईनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी संस्थेच्या पोटनियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मध्येमध्ये "हं" म्हणाले.

"काकू, सभासदाला सभेला यायचा हक्क आहे. बोलायचा आहे. मत द्यायचा आहे."

"मला न्हाई ना पन."

"तुम्हाला नाही. सीताबाईंना आहे." त्यांनी पुस्तिका मिटली. "आणि एक सांगतो. सभासदाला कुलपात कोंडायचा हक्क चेअरमनलासुद्धा नाही. ते या पुस्तिकेत नाही, ते घटनेत आहे."

"घटनेत हाय?"

"आहे."

चतुराबाई उठली. "झालं तर मग," म्हणाली.

सोमवारी सकाळी दहाला सभा. बीडहून तपासणीचे साहेब जीपमधून आले होते. लठ्ठ, थकलेले, खतानं नाक चुरचुरत असल्यामुळं सारखे शिंकत होते. टेबलापाशी अर्जुनराव, उत्तरेश्वर, आश्रुबा. साहेबांना दाखवायला पेटारा टेबलावर आणून ठेवलेला. दारात आणि खिडकीत गाव. मी खिडकीत होते, गजाला धरून.

चतुराबाई आत आली ती सरळ टेबलापाशी.

"खंऽ, बाई, इथं सभासदच बसतेत."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मी सभासद न्हाई. मी सभासदाला उभं करायला आलेय. सीताबाई एकट्या उभ्या ऱ्हात न्हाईत."

तिनं पेटाऱ्यावर दोनदा बोटं वाजवली आणि झाकण उघडलं.

"कोण सीताबाई?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्याफुडं वही हाय, सायेब. वाचा."

साहेबांनी वही पुढं ओढली. अर्जुनराव म्हणाले, "हजेरीचं ऱ्हाऊ द्या हो, सायेब, चहा घ्या आदी." साहेबांना शिंक आली, आणि शिंकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. मला वाटतं, त्या "ऱ्हाऊ द्या"मुळंच.

"रामराव पिता दशरथ."

पेटाऱ्यातून राम उठला, टेबलावर उभा राहिला, वाकला. "हजर."

साहेबांचा हात तसाच राहिला. त्यांनी रामाकडं बघितलं, वहीकडं बघितलं, उत्तरेश्वरकडं बघितलं. उत्तरेश्वर खाली बघत होता, नेहमीसारखा.

"सीताबाई भ्रतार रामराव."

"हजर हाय, सायेब. उठायला येळ लागला. चार दिस खताच्या पोत्यावर निजलेते, कंबर धरलीय."

खिडकीत हशा. साहेब हसले नाहीत. "रावबा पिता विश्रवा," ते सावकाश म्हणाले.

"खंऽ. हजर. बरुबर हाय का न्हाई?"

साहेबांनी अर्जुनरावांकडं बघितलं. त्यांना वाटलं तेच बोलले. अर्जुनरावांनी तोंड उघडलेलंच नव्हतं.

"मंदोदरी भ्रतार रावबा."

मंदोदरी उभी राहिली. "हजर," म्हणाली. दोरा वर ओढला, तिनं नमस्काराला हात उचलायचा होता. डावा उचलला. उजवा उचलला नाही. तो खांद्यापासून सुटला आणि टप्पकन टेबलावर पडला. उंदरांनी कुरतडला होता. खताच्या गोदामातले उंदीर, हे एवढाले.

कुणी हसलं नाही. आश्रुबानं पुढं होऊन तो हात उचलला आणि धोतराला पुसला.

चतुराबाईनं मंदोदरीला हलकेच खाली ठेवलं. बोटांतले दोरे काढले. पदर तोंडावर नव्हता. आणि तिचा आवाज खाली गेला, इतका खाली की दारातली माणसं पुढं सरकली.

"सायेब, मपलं नाव चतुरा. कोन्या वहीत न्हाई ते. ह्ये आठ जन बोलतेत ते मपल्या गळ्यातून, आन् हालतेत ते मपल्या बोटांतून. पन ते ऱ्हाऊ द्या. मला एकच इचारायचं हाय. तुमी सरकारी मानूस, शिकलेले. ह्ये आठ जन सभासद हायेत का मालमत्ता हायेत? सभासद असतील तर यांना कोंडलं कुनी, आन् हिचा हात कुनी खाल्ला? आन् मालमत्ता असतील, तर ह्ये अंगठे कुनाचे हायेत वहीत?"

गोदामात फक्त साहेबांचं नाक वाजत होतं.

"बरोबर विचारतात त्या," साहेब म्हणाले. "अर्जुनराव, दोन्ही होता येणार नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो. मालमत्ता असतील तर आठ खोटे सभासद दाखवले असा अहवाल आजच्या आज जाईल. तुमच्या बाकीच्या संस्थांच्या वह्याही मग बघाव्या लागतील."

अर्जुनराव खाकरले. मग परत खाकरले. मग तिसऱ्यांदा. मी मोजत होते, कारण इतकं लांब खाकरताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

"सभासद हायेत," शेवटी म्हणाले. आणि पुढं काही लावलं नाही.

"मग ठराव?"

"ठराव... ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. चतुराबाईनं आठही जणांना पेटाऱ्यात निजवलं, जनकाला मध्ये, आणि झाकण लावलं. "सभासद घरी चालले," ती म्हणाली, आणि पेटारा डोक्यावर घेतला. आश्रुबा म्हणाला, "मी घेतो." ती म्हणाली, "तुमी हात आना तिचा."

ती घरी जाईल असं सगळ्यांना वाटलं. घरी ती गेली, पण फक्त पेटारा ठेवायला आणि कुऱ्हाड घ्यायला. मंदोदरी मात्र तिच्या कडेवर होती. मग ती सरळ अर्जुनरावांच्या विहिरीकडं निघाली आणि मागं सगळं गाव.

बाहुल्या पांगाऱ्याच्याच लागतात. हलकं लाकूड, दिवसभर बोटांवर तोललं तरी हात भरून येत नाही. आणि त्या साली शिवारातले सगळे पांगारे वाळून चुलीत गेलेले. एकच हिरवा होता, अर्जुनरावांच्या विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, त्यांच्या पाण्यावर.

अर्जुनराव जीपमधून साहेबांना सोडायला निघाले होते. गर्दी दिसल्यावर जीप थांबली. ते धोतर सावरत बांधावरून आले.

"ओ बाई! झाड माजं हाय."

"हात तिचा व्हता."

"मी न्हाई खाल्ला तिचा हात. उंदरानं खाल्ला."

"उंदीर कुनाचे?"

सडकेवर जीप उभी होती आणि जीपमध्ये साहेब, रुमालानं नाक धरून, इकडंच बघत होते. अर्जुनरावांनी एकदा जीपकडं बघितलं, एकदा गावाकडं. चतुराबाईनं मंदोदरीचा राहिलेला हात लांब करून खालच्या फांदीला लावला, मापाला. आश्रुबा तुटलेला हात घेऊन उभा होता, त्यानं तोही शेजारी धरला.

"फांदी धरा," ती अर्जुनरावांना म्हणाली. आवाज अजून तिथंच होता, तळाला. "हालली तर वाकडी तुटती. मग दोन लागतील."

अर्जुनरावांनी फांदी धरली, दोन्ही हातांनी.

चतुराबाईनं कुऱ्हाड उचलली, फांदीकडं नीट बघितलं आणि परत खाली केली.

"ही न्हाई. ही बारीक हाय," ती म्हणाली. "वरची धरा."